अर्धलीची लेक

दौंडच्या अलीकडं रेल्वेचं फाटक पडलं आणि पोपटमामांना बोलायला मोकळं रान मिळालं. जीपमध्ये पुढं ते आणि जयसिंगचे वडील म्हस्कू आप्पा टकले, मागं जयसिंग, सुषमा आणि सुषमाच्या मांडीवर झोपलेला धाकटा. धनश्री आणि सार्थक या थोरल्या दोघांना वस्तीवरच ठेवलं होतं. मालगाडी संपायचं नाव घेईना, आणि मामाही.

"तिथं गेल्यावर कुणी तोंड उघडायचं न्हाई," मामा म्हणाले. "काय बोलायचं ते मी आन् दाजी बोलू. जयसिंग, तू तर अजिबात न्हाई. तू खरं बोलतोस, आन् खरं बोललं की बैठक मोडती."

जयसिंगला यात रागावण्यासारखं काही दिसलं नाही. मामा त्याच्या आईचे सख्खे भाऊ. त्याचं आधी ठरलेलं लग्न त्यांनीच मोडलं आणि सुषमाशी त्यांनीच जमवलं, आणि दोन्हींचं श्रेय ते अजून भावकीच्या प्रत्येक पंगतीत घेत. सुषमा तेव्हा दौंडकडच्या रविराज देवकात्याशी फारकत घेऊन माहेरी बसली होती, कडेवर धनश्री. लग्नात अक्षता पडताना धनश्री भेदरून रडायला लागली तेव्हा जयसिंगनं तिला उचलून घेतलं, आणि फोटोग्राफरनं सगळा अल्बम तसाच काढला. आप्पांना ते फोटो वर्षभर आवडले नव्हते.

रविराज त्यानंतर एकदाही फिरकला नाही. जयसिंग रांजणगावच्या कारखान्यात प्रेस मशीनवर पाळ्या करायचा आणि कारेगावच्या दवाखान्यापासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत पोरीला सायकलवर, मग मोटारसायकलवर न्यायचा. धनश्री त्याला पप्पा म्हणायची. सगळं सुरळीत होतं. मग एका दुपारी जेवताना तिनं सहज विचारलं, "पप्पा, सार्थकच्या नावात तुम्ही हाय. धाकट्याच्याबी. माझ्या नावात जो हाय तो कवा येणार हाय?"

जयसिंगच्या हातातला घास तसाच राहिला. धनश्री रविराज देवकाते. शाळेत हजेरीला रोज तेच नाव घेतात. पोरीला त्या माणसाचं तोंड पाहिलेलं आठवत नाही आणि ती रोज त्याच्या नावाला हजर म्हणते. जूनमध्ये ती पाचवीला मोठ्या शाळेत जाणार होती. त्याआधी तिच्या नावात आपलं नाव घालायचं, हे जयसिंगनं त्याच ताटावर ठरवलं.

शिरूरच्या वकिलानं मात्र मान हलवली होती. "मुलगी दत्तक द्यायचा हक्क जन्मदात्या बापाचा. त्यानं सही दिली तरच. आईच्या एकटीच्या सहीनं चालत नाही. हां, बाप वारला असेल, किंवा संन्यास घेतला असेल, धर्म बदलला असेल, नाहीतर कोर्टानं वेडा ठरवला असेल, तर गोष्ट वेगळी. यातलं काही आहे?"

"ह्यातलं कायबी न्हाई," सुषमा म्हणाली. "नुसता निकामी हाय."

"त्याची कायद्यात तरतूद नाही," वकील म्हणाले.

पोपटमामांना त्यातली संन्यासाची वाट फार आवडली होती. वेळ आलीच तर असावं म्हणून त्यांनी निघताना पिशवीत एक भगवं उपरणं टाकलं होतं. फाटक उघडलं तेव्हा त्यांनी ते एकदा चाचपून पाहिलं.

देवकात्यांच्या अंगणात मंडप नव्हता एवढंच, बाकी थाट लग्नाचा. हौसराव आबा, म्हणजे रविराजचे वडील, पांढरं धोतर नेसून मधल्या खुर्चीवर. त्यांची बायको दगडाबाई दारात, पदर डोळ्याला लावून तयार. रविराज गॉगल कपाळावर चढवून मोटारसायकलला टेकलेला. तो अलीकडं प्लॉटचे व्यवहार करून द्यायचा, त्यामुळं उभं राहूनच बोलायची सवय लागली होती. त्याची दुसरी बायको पोहे घेऊन आली, मागं तिची दोन पोरं.

"हे बघा म्हस्कूराव," आबा म्हणाले, "पाव्हणं म्हणून आलासा, डोक्यावर घेऊ. पर पोरगी मागू नका. आमच्या रक्ताचं पाणी आम्ही व्हऊ देणार न्हाई."

दगडाबाईंनी इथं हुंदका दिला.

"रात्रंदिस जीव लागून ऱ्हातो तिच्यात," आबा पुढं म्हणाले. "रक्त हाय ते आमचं."

तोंड उघडायचं नाही हे सुषमालाही सांगितलं होतं. पण तिचा आणि गप्प बसण्याचा देवकात्यांच्या घरात कधीच संबंध आला नव्हता. "आबा," ती म्हणाली, "तुमचं रक्त कितवीत हाय सध्या?"

आबांनी रविराजकडं पाहिलं. रविराजनं आईकडं पाहिलं. दगडाबाईंनी पदर डोळ्यावरनं काढला.

"तिसरीत," रविराज म्हणाला.

"पाचवीला चाललंय," सुषमा म्हणाली.

पोहे थंड व्हायला लागले. आता बैठक सावरायची पाळी म्हस्कू आप्पांची होती. आप्पांना सोयीचं तेवढंच ऐकू यायचं, त्यामुळं सुनेचं बोलणं त्यांनी ऐकलंच नाही असं सगळ्यांनी धरलं. आप्पांनी घसा खाकरला आणि बापजाद्यांची वाट काढली. "आपण मेंढरं राखलेली माणसं. असलं कोडं पडलं की आपल्यात काय करत्यात? अर्धलीनं देत्यात."

अर्धल म्हणजे मेंढी एकाची, राखायची दुसऱ्यानं आणि होतील ती कोकरं निम्मी निम्मी. टकल्यांच्या आणि देवकात्यांच्या कैक पिढ्या त्यावर जगल्या होत्या. कोर्टकचेऱ्यांनी दमलेल्या अंगणाला एकदम घरच्यासारखं वाटलं. आबा खुर्चीत पुढं सरकले.

"ह्ये बोललात शाण्यासारखं. पोरगी तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. खाणंपिणं, शाळा, दवाखाना तुमच्याकडं. नाव आमचं."

"आन् लग्न?" मामांनी विचारलं.

"पत्रिकेवर आमचं नाव. खर्च तुमचा. अर्धलीत चारापाणी राखणदाराकडंच असतंय."

"पत्रिकेवर दोघांची घाला की, शेजारी शेजारी," मामा म्हणाले. "अक्षरं सारखी."

"आमची ठसठशीत पाहिजेत. मेंढी आमची हाय."

मग अक्षरांच्या जाडीवर जी घासाघीस सुरू झाली, ती दुसरा चहा येईपर्यंत चालली. धनश्री अजून चौथीत होती आणि इथं तिच्या मांडवात कुणी कुठं उभं राहायचं ते ठरत होतं. आप्पांचा चेहरा उजळला होता. आपण काहीतरी मिटवतोय असं त्यांना बऱ्याच वर्षांनी वाटत होतं. जयसिंगनं धाकट्याला सुषमाकडं दिलं आणि तो उठला. मामांनी डोळे मिटून घेतले.

"अर्धलीच्या मेंढीला कुणी विचारत न्हाई, तू कुणाची म्हणून," जयसिंग म्हणाला. "हिला शाळेत रोज विचारत्यात. मला निम्मी नको. माझं नाव पुरं लागू द्या. रविराज, तुला ती नको हाय, हे तुलाबी म्हाईत हाय आन् मलाबी. सही दे."

"न्हाई देत," रविराज म्हणाला. "लोक म्हणतील, रविराजला लेक जड झाली."

"आजवर कुणाला जड झाली मग?" सुषमानं विचारलं.

"ते लोकांना कुठं दिसतंय."

बैठक मोडली. जीपमध्ये मामा शिरूर तालुका लागेपर्यंत बोलले नाहीत, आणि मग फक्त एवढंच म्हणाले, "बघा, मी काय म्हणलं व्हतं."

पाऊसपाणी, पेरण्या झाल्या. धनश्री पाचवीला गेली आणि जुन्याच नावाला हजर म्हणू लागली. मग गावच्या पंचायतीची निवडणूक लागली, सरपंचपद ओबीसीला सुटलं, आणि टकलेवस्तीवर आप्पांनी पहिल्यांदाच दाढी करायला न्हाव्याला घरी बोलावलं.

यात हसण्यासारखं नव्हतं. आप्पांची मेंढरं गायरानात शिरली म्हणून जितक्यांदा कोंडवाड्यात घातली गेली, तितक्यांदा आप्पा पंचायतीच्या दारात उभे राहिले होते. आत सरपंचाच्या खुर्चीत सोपानराव, आधी त्यांचे वडील. आप्पांना कधी कुणी बस म्हणालं नव्हतं. मेंढरं जाऊनही आता कैक वर्षं झाली होती, पण ते दार त्यांच्या डोक्यातनं गेलं नव्हतं. ती खुर्ची आता त्यांच्या पोराच्या आवाक्यात आली होती आणि म्हातारा लहान पोरासारखा हरखला होता. त्याला नाही म्हणायचं जयसिंगच्या जिवावर आलं.

मामांनी बोटांवर हिशेब मांडला. "दोन हजार एक सालानंतर तिसरं झालं की माणूस बाद. सार्थक एक, धाकटा दोन. आपण बसतोय. धनश्रीला दत्तक घेतलं असतं तर झाली असती तीन, आन् सोपानराव टपलेलाच हाय. त्या रविराजानं सही दिली न्हाई, खंडोबानंच वाचवलं."

"तसं बघितलं तर," आप्पा म्हणाले, "रक्त त्येंचंच हाय."

भाकरी थापणाऱ्या सुषमाचा हात थांबला.  तिचं गप्प बसणं जयसिंगला जास्त लागलं.

त्याच आठवड्यात दौंडची जीप वस्तीवर आली. हौसराव आबा उतरले, मागून पांढऱ्याशुभ्र कपड्यांत रविराज. त्याच्याही वाडीची निवडणूक होती, त्यालाही उभं राहायचं होतं, आणि दुसऱ्या बायकोची दोन पोरं धरली तर धनश्री त्याची तिसरी होत होती. आबांनी सुषमाला साडी आणली होती आणि धनश्रीला फ्रॉक. धनश्रीनं तो अंगाला लावून पाहिला. तो तिच्या बेंबीपर्यंत आला. ती तो घडी घालून ठेवून आली.

"आम्ही लई विचार केला," आबा म्हणाले. "लेकरू जिथं सुखी तिथं आपलं सुख. रक्ताबिक्ताचं काय घेऊन बसायचं? पोरगी तुमचीच. सही घ्या."

"न्हाई आबा," मामा म्हणाले. "असं कसं? बापापासनं लेकरू तोडायचं पाप आमच्या हातनं व्हणार न्हाई. रक्ताचं पाणी व्हतं का कवा?"

"अवो, वाढवलं तुम्ही."

"वाढवलं अर्धलीनं. मेंढी तुमची."

सुषमा दारात उभी राहून ऐकत होती. "दौंडला गेलो तवा तुम्ही हिकडं बसला व्हता आन् ह्ये तिकडं," ती म्हणाली. "नुसत्या खुर्च्या बदलल्या व्हय?"

जयसिंग आत गेला. वकिलानं तयार करून दिलेला दत्तकपत्राचा कागद ट्रंकेत होता. तो आणि पेन त्यानं रविराजसमोर ठेवलं. "कर."

"जयसिंग," आप्पा म्हणाले. एवढंच. त्या आवाजात ते सगळं दार होतं, पंचायतीचं. जयसिंगनं वर पाहिलं नाही.

रविराजनं पेनचं टोपण काढलं.  पेन कागदाला टेकणार, तेवढ्यात रविराजनं विचारलं, "ह्ये केलं म्हंजी माझी दोनच धरतील ना?"

गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. नुसतं 'कर की' म्हणलं असतं तरी चाललं असतं. पण जयसिंगच्या तोंडाला ती सवयच नव्हती. "वकील म्हणला, दत्तक दिली तरी जन्म दिलेलं लेकरू जन्मदात्याकडंच मोजत्यात," तो म्हणाला.

रविराजनं टोपण परत लावलं. "मग कशाला उगं? शेवटी रक्त हाय."

आबांनी मान डोलावली. मामांनी जयसिंगकडं आयुष्यात पहिल्यांदा कौतुकानं पाहिलं. पाहुणे चहा पिऊन गेले आणि जाताना साडी विसरले नाहीत.

"एकदा," सुषमा म्हणाली, "एकदा गप बसला असता तर मेला असता का तुम्ही?"

जयसिंगनं कागद परत ट्रंकेत ठेवला. दुसऱ्या दिवशी आप्पांच्या आग्रहाखातर त्यानं उमेदवारीचा अर्ज भरला. निदान घरातलं एक माणूस तरी खूश राहावं, एवढाच त्यात विचार होता.

छाननीच्या दिवशी शिरूरची कचेरी माणसांनी गच्च भरली होती. टेबलाच्या पलीकडं अधिकारी, अलीकडं सोपानराव आणि त्यांची माणसं. आप्पांना मामांनी बाकावर जागा मिळवून दिली होती. नवं धोतर, नवा फेटा, हातात काठी. जयसिंगचं नाव पुकारलं तसे सोपानराव उठले.

"हरकत हाय साहेब. ह्यांना तीन लेकरं."

मामा याचीच वाट बघत होते. त्यांनी धनश्रीचा जन्माचा दाखला टेबलावर ठेवला. "वाचा साहेब. बाप रविराज हौसराव देवकाते. पोरगी बायकोची, आदल्या घरची. दत्तक घेतलेली न्हाई."

"घरात तीन लेकरं जेवत्यात," सोपानराव म्हणाले. "सगळा गाव बघतोय."

"जेवत्यात म्हणून अपत्य? मग आमचा गडीबी अपत्यच."

माणसं हसली. अधिकारीही हसले. सोपानराव चिडले. "दाखल्याचं सोडा. त्या देवकात्याला विचारा, पोरगी कुणाची. कुणी पाहिलाय त्याला?"

"आत्ता विचारतो," मामा म्हणाले, आणि त्यांनी खिशातून मोबाइल काढला. नंबर लावला, ऐटीत एक हात कमरेवर ठेवला. जयसिंग त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. रविराज त्या वेळी दौंडच्या कचेरीत, त्याच्या स्वतःच्या छाननीला उभा होता. मागं तसलाच गलका ऐकू येत होता.

"हॅलो रविराज, मी पोपटमामा. हितं सायबांम्होरं एवढंच सांग, धनश्री तुझीच ना?"

पलीकडून आवाज आला, "कोण धनश्री?" आणि फोन कट झाला.

मामा बराच वेळ फोन कानाला धरून उभे राहिले. "रेंज न्हाई," ते म्हणाले. मग पिशवीत हात घालून मिळालं ते कापड बाहेर काढलं आणि त्या भगव्या उपरण्यानं घाम पुसला.

जयसिंगनं ते दोन शब्द नीट ऐकले होते. हजेरीत रोज त्याचं नाव घेतात आणि तो विचारतो, कोण. जयसिंगला राग आला नाही. त्याला धनश्रीची कणव आली.

"तुमची हरकत टिकत नाही," अधिकारी सोपानरावांना म्हणाले. मग जयसिंगकडं वळले. "तुम्ही तुमच्या तोंडानं सांगा म्हणजे विषय संपला. ही मुलगी तुमची नाही, बरोबर? नाही म्हणा, अर्ज मंजूर करतो. मागं लोक खोळंबलेत."

जयसिंगनं बाकाकडं पाहिलं. आप्पा काठीवर हनुवटी टेकून, डोळे बारीक करून, एकेक शब्द ऐकत होते. म्हातारपणी दुसरं काही मागितलं नव्हतं त्यांनी. दोन अक्षरं होती. खरं बोलणाऱ्या माणसाला तर अवघड जायचं कारणच नव्हतं, दाखला समोर होता.

"माझी हाय," जयसिंग म्हणाला.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे दत्तक घेतली?"

"न्हाई. तिच्या बापानं सही दिली न्हाई."

"मग कायद्यानं तुमची नाही."

"न्हाई. पर माझी हाय. अपत्यं किती म्हणून विचारलंत ना? तीन. धनश्री, सार्थक आन् धाकटा. लिव्हा तसं."

"अहो, असं लिहिलं तर अर्ज जाईल तुमचा."

"जाऊ द्या."

"साहेब, आदल्या रात्रपाळीनं डोकं फिरलंय त्याचं," मामा म्हणाले. "मी सांगतो ना."

"उमेदवार हे आहेत," अधिकारी म्हणाले. त्यांनी जयसिंगकडं जरा वेळ पाहिलं आणि मग कारकुनाला मजकूर सांगितला. कारकून मान खाली घालून लिहीत राहिला. सोपानरावांना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण ते उगाच खिसे चाचपत होते. जाताना त्यांनी जयसिंगला पाणी विचारलं.

"ह्याची नक्कल मिळंल का?" जयसिंगनं विचारलं.

"बाद झाल्याची? अपील करणार?"

"न्हाई. घरी न्यायची हाय."

जीपमध्ये आप्पा पुढं बसले. कारेगाव आलं, गेलं, त्यांनी मान वळवली नाही. मामा मधेच म्हणाले, "दाजी, पुढल्या येळंला," आणि आप्पांना ते ऐकू आलं नाही. वस्तीवर उतरल्यावर त्यांनी फेटा काढून खुंटीला टांगला आणि अंगणातल्या बाजेवर घराकडं पाठ करून बसले.

धनश्री शाळेतून नुकतीच आली होती. "आला का निवडून?" तिनं विचारलं.

"मतं नंतर असत्यात, येडे. माझा अर्जच बाद झाला," जयसिंग म्हणाला, आणि खिशातली नक्कल तिच्या हातात दिली. "वाच. तुला वाचता येतंय म्हणती ना तुझी बाई."

सुषमा पिठाचा हात तसाच घेऊन दारात आली. धनश्री एकेक शब्द सुटा करून वाचू लागली. "उमेदवार जयसिंग म्हस्कू टकले यांनी समक्ष सांगितले की, मुलगी धनश्री, मुलगा सार्थक व..." ती थांबली. परत मागं गेली. "मुलगी धनश्री," ती म्हणाली, आणि मग पुढचं भराभर वाचून टाकलं, "अशी त्यांना तीन अपत्ये आहेत. सबब अर्ज बाद."

"सबब म्हंजी?" सार्थकनं विचारलं.

"म्हंजी त्यामुळं," धनश्री म्हणाली. ती कागदाकडंच बघत होती. सुषमानं पदरानं तोंड झाकून घेतलं आणि ती आत वळली.

बाजेवरून आवाज आला. "काय गं, काय वाचलंस?" आप्पांची पाठ अजून घराकडंच होती. "मला काय ऐकू आलं न्हाई. हिकडं जवळ येऊन वाच. पहिल्यापासनं."

धनश्री त्यांच्याजवळ बाजेवर जाऊन बसली आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.